सुतकातले झिंगे

प्रिय अहो,

आज तुम्हाला जाऊन महिना झाला. सकाळी धाकटे भाऊजी गुडीहत्नूरहून आले, तुमची पाळलेली मरळ मासोळी न्यायला. मी नाही म्हटलं. "काऊन, वहिनी? तुमी तर तिच्या वाऱ्यालाई उभ्या राहत नव्हत्या." मला त्यांना कारण सांगता आलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

खरंच, किती राग होता माझा तिच्यावर! मंचेरियलहून बोटभर पिल्लू आणलंत आणि सोबतीला चार सोनेरी मासे सोडलेत. दोन दिवसांत ही एकटीच उरली. "शिकेल हळूहळू," म्हणालात. हातभर लांब झाली, पण शिकली का काही? उडी मारून बाहेर पडते म्हणून काचेच्या टाकीच्या झाकणावर माझा वरवंटा ठेवलात. मी चटणी कशाने वाटायची, ते विचारलंत कधी?

तुम्ही तिला जिवंत मासे खायला घालायला बसलात की मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. एकदा तरी शेजारी येऊन बसायला हवं होतं. त्याचं आता वाईट वाटतं.

तुम्ही गेलात आणि सुतक लागलं. भाऊजी म्हणाले, "सुतक फिटेपर्यंत घरात मासळी नाई आनायची." मी भात टाकला, पोळीचे तुकडे टाकले. पाणी गढूळ झालं, पण तिने तोंड लावलं नाही. तळाशीच पडून राहू लागली. जाऊबाई म्हणाल्या, "असीई मरूनच राह्यली. तेरवी झाली का कापून टाकू."

तुमच्या छातीत दुखलं तेव्हा दवाखाना गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मला काहीच करता आलं नाही. हिच्या वेळी नुसतं बघत बसवेना.

आठव्या दिवशी दुपारी सगळे आडवे झाले, तशी मागच्या भिंतीवरून शेजारच्या पद्मक्काला हाक मारली. तिने वाटीभर झिंगे दिले, काही विचारलं नाही. जन्मात मासळीला हात न लावलेली मी, एकेक झिंगा सोलून पाण्यात धरत होते. तिसरा मरळीने घेतला. मी तिथेच खाली बसले आणि तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा रडले.

दहाव्याला घाटावर हात जोडून तुमची सगळ्या गोष्टींसाठी माफी मागितली. झिंग्यांची नाही मागितली.

ती इथेच राहील, रोज माझ्या हातचं खाईल. जिवंत मासे मात्र मी टाकणार नाही. तेवढं तुम्ही चालवून घ्या.

तुमची,
सुनंदा