चार माणसांचा तक्ता

सोमवार, २ जून

आज काय झालं, क्रमाने:

१. नऊला दहा मिनिटं कमी असताना पोहोचले. कवळ्या बनवणारी ही कार्यशाळा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या.

२. माणसं चार. मालकीणबाई; त्यांची भावजय, पॉलिश करते, तिला सगळे वहिनी म्हणतात; भट्टीवाला; आणि काका, एकतीस वर्षं मेणात दात बसवतात, नात्याने कोणाचेच काका नाहीत.

३. डॉक्टरांच्या ऑर्डरी तीन वह्यांत, एका कॅलेंडरवर आणि भट्टीवाल्याच्या डोक्यात आहेत. त्या एका ऑनलाइन तक्त्यात आणणं हे माझं काम.

४. वहिनी म्हणाल्या, इथे सगळे दिवसभर दात काढत बसतात, तुम्हीही शिकाल.

५. मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. काकांनी आपला पंखा माझ्याकडे वळवून दिला. खूश आहे.

गुरुवार, ५ जून

तक्ता उभा राहिला. प्रत्येक कवळीला एक ओळ: डॉक्टर, वरची की खालची, दातांची छटा, सध्या कोणाच्या हातात, कधी द्यायची. दुसऱ्या पानावर माणसं, प्रत्येकाची एक ओळ आणि शेवटी ‘सक्रिय’ हा टिक करायचा चौकोन. टिक काढली की ती ओळ पुसली जात नाही, फक्त दिसत नाही. हे समजावून सांगितल्यावर वहिनींनी विचारलं, नणंदेला लागू पडतं का. मालकीणबाईंनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

सोमवार, ९ जून

फुकटच्या खात्यात चारच सक्रिय माणसं चालतात. मी पाचवी. मालकीणबाई म्हणाल्या, काकांना काढा, त्यांना कुठे संगणकाला हात लावायचाय, त्यांना चिठ्ठी देत जाऊ. काका तिथेच होते. म्हणाले, काढा हो, माझं नाव दगडावर यायचं वय, पडद्यावर कशाला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी मी टिक काढली.

मंगळवार, १० जून

काका आले, नमस्कार म्हणाले. कोणी मान वर केली नाही. वहिनींनी आपली पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली, रिकाम्या खुर्चीवर ठेवावी तशी. काकांनी ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत धरून ठेवली. मला वाटलं, जुन्या माणसाची टिंगल चाललीय. नव्या माणसाने त्यात पडू नये.

गुरुवार, १२ जून

भट्टीवाल्याने विचारलं, इतकं नाजूक मेणकाम कोण करतं. मी म्हटलं, काका. त्याने विचारलं, कोण काका. मी हसले. तो हसला नाही.

शुक्रवार, १३ जून

काका माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, घरी बायको चार दिवस एकच ताट वाढते आणि एकटी जेवते. फक्त तुम्हालाच दिसतोय, तक्ता तुमचा आहे ना. तेवढी टिक परत कराल का.

केली. पडद्यावर सूचना आली: चार जागा भरल्या आहेत, कोणाला काढायचं ते निवडा. खाली चार नावं. शेवटचं माझं.

काकांना विचारलं, कोणाचं निवडू. त्यांनी नावं वाचली, दोनदा. म्हणाले, कोणाचंच नाव घ्यायला जीभ रेटत नाही.

मी सूचना बंद केली. मालकीणबाईंना विचारते म्हणाले. विचारलं नाही.

शनिवार, २१ जून

नियम वाचले. न दिसणारी ओळ तीस दिवसांनी कायमची पुसली जाते. ९ जुलै. काकांना सांगितलं नाही.

ते रोज येतात, काम करतात. काम करताना बरं वाटतं म्हणतात. तयार मेणाच्या ओळीत ‘कोणी केलं’ हा रकाना रिकामा सोडता येत नाही. त्यात मी माझं नाव टाकते.

सोमवार, ३० जून

मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर माझं मेणकाम उचलून दाखवलं. म्हणाल्या, शिकलेला हात असा असतो. मला कायम केलं. काका कोपऱ्यातून टाळ्या वाजवत होते. टाळ्यांचा आवाज येत नव्हता.

मंगळवार, ८ जुलै

उद्या.

एक वाक्य पुरेल: बाई, मोठं खातं घ्या, पाचवा माणूस आहे. त्या विचारतील, कोण. मग मेणकाम कोणाचं ते सांगावं लागेल.

त्यांच्या दारापर्यंत गेले. हात कडीवर होता. परत आले.

बुधवार, ९ जुलै

काका सांगत होते, समोरचे दोन दात किंचित वाकडे बसवावेत, म्हणजे कवळी खरी वाटते, लोक सरळ बसवतात आणि तिथेच —

अकरा दहा.

खुर्चीत वहिनींची पिशवी.

जेवले. पोळी गिळली गेली.

शुक्रवार, ११ जुलै

काकांच्या राहिलेल्या सव्वीस कवळ्या आता माझ्या नावावर. मला मेण धरताही येत नाही. मी बसवलेल्या नऊ परत आल्या. एका म्हातारीच्या हिरड्या सोलल्या गेल्या. मालकीणबाईंनी विचारलं, हात कुठे ठेवून आलात.

सोमवार, १४ जुलै

मेणकामाला नवी बाई आली. मालकीणबाई म्हणाल्या, तक्ता आता आपला आपण चालतो. माझ्या खांद्यावरून वाकून माऊस घेतला. कुठली टिक काढायची हे मीच त्यांना शिकवलं होतं. मी त्यांचा हात धरला. त्यांना तो धरलेला कळला नाही.

वेळ अकरा पाच.

मंगळवार, १५ जुलै

आईला फोन केला. हॅलो, हॅलो, कोण आहे. पुन्हा केला. दादाला म्हणाली, कोणीतरी मेलं उगाच त्रास देतंय.

२ ऑगस्ट

नव्या बाईच्या कानात ओरडले. तिने कान खाजवला.

संगणकाची कळ दाबते, अक्षर उमटत नाही. पेन्सिल अजून उमटते — थोडी.

९ ऑगस्ट

मेणावर बोटाचा ठसा नाही. जोरात दाबलं तरी —

मंगळवार, १२ ऑगस्ट

ही वही नव्या बाईंच्या मेणाच्या ताटाखाली ठेवते.

बाई, ओळख नाही, तरी लिहिते. मेणकाम माझं नव्हतं. काकांचं. त्यांचं पूर्ण नाव मी स्वतः टाइप केलं होतं — आठवत नाही —

माणसांच्या पानावर ‘न दिसणाऱ्या ओळी’ उघडा. तिथे एकच ओळ आहे, माझी. तिच्यापुढे टिक करा. चार नावांतून कोणाला काढायचं ते विचारतील. तुमचं नको, घाबरू नका. मी विचार केलाय. भट्टीवाला. त्याच्या मुली मोठ्या झाल्यात, बायको कमावती आहे, तेव्हा त्याचं फारसं —

कृपया बुधवार, १३ ऑगस्ट, सकाळी अकरापर्यंत उत्तर द्या. नुसतं हो लिहिलंत तरी चालेल, इथेच, या ओळीच्या खा