एमिलीचा सामना चालू असल्यास

देवबापाला साक्षी ठेवून मी, इझाबेल सॅन्टन तुस्कानो, वय ६६, अविवाहित, निवृत्त खेळशिक्षिका, राहणार भुईगाव, वसई (पश्चिम), जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड हृदयाच्या झडपेत आहे आणि तिचे ऑपरेशन जूनअखेरीस ठरले आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. धाकटा भाऊ रॉबर्ट तसा प्रयत्न करून आता ओट्यावर जाऊन बसला आहे.

रॉबर्टची मुलगी एमिली व्यावसायिक टेनिस खेळते. माझ्या ऑपरेशनच्याच आठवड्यात लंडनच्या मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत ती पहिल्यांदा उतरणार आहे. तिला मी ‘किरकोळ तपासणी’ एवढेच सांगितले आहे. तेच कायम राहावे.

१. राहते घर रॉबर्टला. वर मजला चढवायचा तर चढवावा. पूर्वेकडची खोली मात्र एमिलीची. तिथे तिचे शाळेतले बूट आहेत, त्यांच्या तळव्यांची माती धुऊ नये.

२. बँकेतील ठेवी एमिलीला, फक्त उन्हाळ्याच्या हंगामासाठी. लोकांना वाटते, पोरगी युरोप फिरते, मजा आहे. दर सोमवारी नवे गाव. मंगळवारी हरली की बुधवारी बॅगा उचलायच्या. मोजे हॉटेलच्या बेसिनमध्ये धुऊन खिडकीत वाळत घालायचे. दुहेरीची जोडीदार शोधत स्पर्धेच्या ऑफिसबाहेर ताटकळायचे, आणि काल ‘हो’ म्हणालेली मुलगी आज वरच्या क्रमांकाच्या कोणाबरोबर तरी नाव देऊन मोकळी. मेमध्ये लाल माती, जूनमध्ये गवत, पुढे सिमेंटसारखे कडक कोर्ट. दर वेळी पायांना नव्याने शिकवायचे. इथे मोगरा फुलतो, आंबे उतरतात, लग्नांचे मांडव पडतात. मोठी झाल्यापासून तिने घरचा मे महिना पाहिलेला नाही. या पैशांतून तिने स्वतंत्र खोली घ्यावी. फेलिशियाबरोबर एका खोलीत राहण्याची गरज नाही.

३. फेलिशिया ही माझी कॉन्व्हेंटमधली मैत्रीण, दुहेरीतली जोडीदार आणि आता एमिलीची कोच. एमिलीच्या हातात पहिली रॅकेट मी दिली. मुठीत बोटे कशी बसवायची ते मी दाखवले. पण डॉक्टरांनी मला विमानात बसू दिले नाही. फेलिशियाचा नवरा देवाघरी, मुले कॅनडाला, गुडघे धडधाकट. म्हणून ती गेली. आंतरशालेय दुहेरीचा चषक एक वर्ष तिच्याकडे, एक वर्ष माझ्याकडे, असे सिस्टरांसमोर ठरले होते. तो तिच्या शोकेसमध्ये गेला, तो गेलाच. रॉबर्टने जाऊन तो आणावा व एमिलीला द्यावा. फेलिशिया चहा करीन म्हणेल. थांबू नये.

४. रॅकेटला गट, म्हणजे जाळीच्या तारा, ताणून लावण्याचे मशीन, जे मी सातिवलीच्या एका वर्कशॉपमधून बनवून घेतले, ते माझ्या शाळेला.

५. वाडीतील टेनिस कोर्ट व दगडी रोलर एमिलीला. मेच्या सुट्टीत कॉन्व्हेंटचे कोर्ट बंद असे, म्हणून बाबांनी आमचे खळे वाढवून, माती चोपून, शेणाने सारवून हे कोर्ट केले. फेलिशियाच्या लग्नात तिच्या अंगणात जागा कमी पडली आणि मांडव आमच्या कोर्टावर पडला. बांबूंसाठी मागच्या रेषेजवळ खड्डे खणले. ते कितीही बुजवले तरी दर पावसाळ्यानंतर माती खचते. तिथे चेंडू कधी उडतो, कधी घसरतो. म्हणून एमिली लहानपणीच टप्पा पडता पडता फटका मारायला शिकली. तिकडे त्याचे फार कौतुक होते. फेलिशिया एका मुलाखतीत म्हणाली, “हे आम्ही घोटून घेतलंय.” आम्ही!

मी रॉबर्टला म्हटले, “हे तिने नाही शिकवलं. खड्ड्यांनी शिकवलं.”

तो म्हणाला, “बाय, खड्डे तरी कुणाच्या मांडवाचे?”

हे इथे लिहायला नको होते, पण खरे आहे. कोर्ट विकू नये. त्यावर कोणाचाही मांडव घालू नये, फेलिशियाच्या नातवंडांचा तर नाहीच.

६. माझा मोबाइल रॉबर्टला. यावर मी एमिलीचे सामने पाहते. छोट्या स्पर्धांत एकच कॅमेरा असतो, तो हलत नाही. एमिली गुण हरली की मान वळवून कुठेतरी बघते. कोणाकडे, ते दिसत नाही. फक्त आवाज येतो: “हळू गो बाय, हळू.” हे शब्द माझे आहेत. मी ते याच कोर्टावर म्हणत असे, आणि फेलिशियाने ते कधी उचलले, मला कळलेही नाही.

७. ऑपरेशनमध्ये माझे काही बरेवाईट झाले तर दफन थांबवू नये. चर्चची घंटा वाजवावी, ती लंडनला ऐकू जात नाही. मात्र पॅरिशच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेहमीप्रमाणे फोटो व दफनाची वेळ टाकू नये. एमिली त्या ग्रुपमध्ये आहे. फादरांशी मी बोलले आहे.

काल फेलिशियाशीही बोलले.

ती म्हणाली, “इझा, पोरीला सांगून टाक. मला खोटं बोलता येत नाही.”

“चषकाच्या वेळी आलं होतं.”

“अजून तेच? बरं, काही झालंच, तर मी गप्प किती दिवस बसू?”

“ती हरेपर्यंत.”

“आणि जिंकतच गेली तर?”

मी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला. तिकडे तिने नाक ओढले आणि म्हणाली, “सांग तू, कसं सांगू ते.”

म्हणून लिहिते. एमिली स्पर्धेतून बाहेर पडल्यावर, जाळीपाशी हात मिळवून झाल्यावर, तिने बूट काढून पाणी प्यायल्यावर सांगावे. रॉबर्टने फोन करू नये, तो आधी रडतो. फेलिशियाने सांगावे, आपल्या वाडीच्या बोलीत, इंग्रजीत नाही. मग एमिलीचे डोके मांडीवर घ्यावे आणि ती स्वतःहून उठेपर्यंत तसेच राहू द्यावे. माझ्याजवळ देण्यासारखे याहून मोठे काही नाही. ते मी फेलिशियाला देत आहे, आणि देताना मला तिचा हेवा वाटतो आहे, हे दोन्ही साक्षीदारांसमोर नोंदवते.

ठिकाण: भुईगाव, वसई
दिनांक: ३० मे २०२५

(सही) इझाबेल सॅन्टन तुस्कानो

वरील मजकूर बाईंनी आम्हांला मोठ्याने वाचून दाखवला व आमच्यादेखत सही केली.

साक्षीदार:
(सही) गॉडफ्रे डाबरे, शेजारी, भुईगाव
(सही) हेमांगी शत्रुघ्न पाटील, निवृत्त शिक्षिका, आचोळे, नालासोपारा (पूर्व)