चाळीस वर्षे न तपासलेल्या मापाने माझी वृत्ती तोलल्याबाबत

प्रति,
मा. संगोपन परवानगी अधिकारी,
बालकल्याण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : जुनाट वृत्तिमापन श्रेणीत चार गुण कमी पडले म्हणून भाचीचा ताबा नाकारल्याबाबत.
संदर्भ : आपले नकारपत्र, तसेच आपल्या टेबलापुढे मी उभ्याने काढलेले तीन तास.

महोदय,

१. मी बाजारातील वजने-मापे तपासण्याच्या नोकरीत एकोणीस वर्षे आहे. अविवाहित आहे. माझी थोरली बहीण गेल्या वर्षी वारली. मेहुणे त्याआधीच गेले होते. त्यांची नऊ वर्षांची मुलगी आपल्या बालगृहात आहे. तिला मी सांभाळावे म्हणून अर्ज केला. घर, पगार, प्रकृती सगळे आपण पाहिले. पलंगाखाली वाकूनही पाहिले. मी नापास झाले ती वृत्तीच्या चाचणीत, म्हणजे आपल्या वृत्तिमापन श्रेणीत.

२. चाचणीत चाळीस विधाने, प्रत्येकापुढे 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' असे पाच खाने. विधान ११ : 'घरात शेवटचा शब्द वडिलांचा असावा.' माझ्या घरात वडील नाहीत. शेवटचा शब्द बहुधा कुकरचा असतो. असहमत लिहिले, गुण गेले. विधान २६ : 'नोकरी करणाऱ्या स्त्रीचे मुलांकडे दुर्लक्ष होतेच.' सहमत म्हणावे तर मी दुर्लक्ष करणार, असहमत म्हणावे तर वृत्ती प्रतिकूल. इकडे आड, तिकडे विहीर. विधान ३३ : 'मला कधीच राग येत नाही.' हे खोटे बोलणारे पकडण्यासाठी असते, असे आपल्या लिपिकानेच सांगितले. मी खरे लिहिले, तर 'रागीट' अशी नोंद झाली.

३. श्रेणी चाळीस वर्षांपूर्वीची आहे हे आपण नाकारले नाही. "ताई, समाज बदलला हे मलाही कळतं, पण नवी श्रेणी येईपर्यंत मी तरी काय करू?" असे म्हणालात. संशोधन चालू आहे, पुढच्या श्रेणीत खाने नसतील, उत्तराला लागलेला वेळ आणि नाडीचे ठोके मोजतील, विधानेही दर पाच वर्षांनी लोकांना विचारून बदलतील, असेही सांगितलेत. उत्तम. पण त्याला तीन वर्षे लागतील. माझे ठोके तेव्हाही रागाचेच पडतील. ते कशात धरायचे, हे संशोधकांना आताच विचारून ठेवावे.

४. भाजीवाल्याचा तराजू मुदतीत तपासलेला नसला तर मी तो जप्त करते. तोही म्हणतो, नवा येतोय, तोवर चालू द्या. मी चालू देत नाही. पाव किलो भाजीला जो नियम, तो एका मुलीला का नसावा? या मापावर चाळीस वर्षांत एकदाही फेरतपासणीचा शिक्का बसलेला नाही आणि आपण त्याने माणसे तोलता. याची आपल्याला लाज वाटायला हवी होती.

५. तीन वर्षांत भाची बारा वर्षांची होईल. दर रविवारी मी भेटायला जाते तेव्हा ती पिशवी भरून फाटकाशी उभी असते. मी निघाले की पिशवी रिकामी करते. आपल्या चाळीस विधानांत तिला विचारणारे एकही नाही. तरी हा निकाल रद्द करून, नव्या श्रेणीची वाट न पाहता, घर पाहून आणि मुलीला विचारून निर्णय द्यावा.

'नम्र' हा शब्द आज लिहवत नाही.

आपली,
(सही)
मुलीची मावशी
दिनांक : ११ मार्च

सोबत :
१. नकारपत्राची प्रत.
२. भाचीने वहीच्या पानावर स्वतः तयार केलेली चाचणी. विधान एकच : 'मला मावशीकडे राहायचं आहे.' खाना एकच. त्यात खूण. पर्याय अपुरे म्हणून आपण ती बाद कराल, हे ठाऊक आहे. मात्र पान हरवू नये. रविवारी ती मला त्याचा निकाल विचारणार आहे.