मिटलेलं तोंड

प्रिय आई,

माझी इथली नोकरी पक्की होईपर्यंत तीन महिने चिमीला तुझ्याकडे ठेवलं. काल तू फोनवर सांगितलंस, तिच्या कानाचा पडदा फुटलाय. उशीला पू लागला तेव्हा कळलं. आणि त्याच दमात म्हणालीस, दोन दिवस कान ठणकत असणार, पण पोरीने हूं की चूं केलं नाही, अगदी तुझ्यावर गेलीय. आई, तू हे कौतुकाने सांगत होतीस.

मी काय काम करते, ते तू कधी विचारलं नाहीस. पक्ष्यांच्या दवाखान्यात घरट्यातून पडलेली पिल्लं येतात. दर अर्ध्या तासाला मी त्यांना चिमट्याने भरवते. हात दिसला की ती माना ताणतात, लाल तोंडं वासतात, कान किटेपर्यंत ओरडतात. सगळ्यात मोठं वासलेलं तोंड दिसेल, तिथे त्यांची आई आधी घास घालते. पहिल्या आठवड्यात मीही तेच केलं. चार तोंडं उघडी, पाचवं मिटलेलं. मी वहीत लिहिलं, पाचही जेवली. पाचव्याचं पोट भरलेलं नव्हतं. तोंड उघडायचं बळ संपलं होतं. दुपारी ते गेलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. मागतंय ते अजून धड आहे, गप्प बसलंय त्याला आधी हातात घे, एवढंच म्हणाल्या.

दादा जमिनीवर लोळण घ्यायचा, त्याला नवे बूट यायचे. मी बोटं दुमडून वर्षभर जुनेच घातले. आल्यागेल्याला तू सांगायचीस, हिचा मेलीचा काही त्रासच नाही. ते ऐकायला मिळावं म्हणून मी आणखी एक वर्ष काढलं असतं.

सगळा राग तुझ्यावर काढून मोकळं होता आलं असतं, तर बरं होतं. पण काल तू फोन चिमीला दिलास. ती म्हणाली, आई, मी रडले नाही. आणि माझ्या तोंडून निघालं, शाब्बास. तुझा आवाज कापरा झाला की मी लगेच समजूतदार होते, म्हणून आज फोन न करता लिहितेय. रविवारी मी तिला न्यायला येतेय. नोकरी राहो न राहो. दादाला मध्ये घालू नकोस. आणि तोवर तिला गुणी म्हणू नकोस. एकदाही नाही.

तुझीच,
धाकटी