मळ्याची उभी वाटणी

मी, जयराम चिमाजी विधाते, वय सहासष्ट, राहणार मखमलाबाद, नाशिक, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवतो. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पत्नी कला हिला विचारू नये. तिचे मत वेगळे आहे.

धंदा : लँडस्केप आर्किटेक्ट. टाइप करणाऱ्याने येथे 'माळीकाम' लिहिले होते. त्याचे फारसे चुकले नाही. आम्ही जातीने माळी. वडील गुलछडी आणि कोथिंबीर पिकवत. मी दिल्लीला जाऊन मोकळ्या जागा आखायला शिकलो. मला दोन्हींचा अभिमान आहे.

घरावरून भांडण होणार नाही. होणार ते घरामागच्या मळ्यावरून, म्हणून हा कागद.

१. राहते घर व बँकेतील ठेवी कलाच्या. तिच्या हयातीत तिला कोणी "फ्लॅटमध्ये चल" म्हणू नये. तिच्या पश्चात दोन्ही मुलांना सारखे.

२. उतार मोजायची दुर्बीण आणि नकाशांचे टेबल मुलगी मनीषा हिला; ती माझेच काम करते, आणि माझ्याहून नीट. मुलगा यादव पिंपळगावला द्राक्षांचा व्यापार करतो, त्याला जीप. ती ढकलावी लागते, पण त्याच्याकडे माणसे आहेत.

३. सन १९९४ मध्ये मी एका वसाहतीची बाग आखली. पंप नाही; कालव्याचे पाणी पाटाने, उताराच्या जोरावर प्रत्येक वाफ्यात. पाट फोडून वाफ्यात पाणी घेणे याला आमच्याकडे दारे धरणे म्हणतात, म्हणून नकाशावर प्रत्येक फाट्याशी मी 'दार' लिहिले. बाहेरगावच्या ठेकेदाराने तिथे खरोखरची लोखंडी दारे उभी केली, कडी-कोयंड्यासकट. उद्घाटनाला पाहुणे एक दार उघडून पलीकडे गेले ते थेट वांग्यांच्या वाफ्यात. ठेकेदार म्हणाला, साहेबांची डिझाइन आहे. त्याला मी अजून माफ केलेले नाही आणि मेल्यावरही करणार नाही.

दारे निघाली, पाणी आजही चालते. तिथल्या संगमरवरी पाटीवर माझे नाव नाही. ते घालण्यासाठी कोणी खटपट करू नये. ज्याला वाचायचे असेल त्याने एप्रिलात जाऊन तिथली झाडे पाहावीत.

४. आता मळा. यंदा भाऊबीजेला यादवने बिल्डरचा नकाशा आणला. "नाना, भराव टाकून सपाट केलं की सोनं आहे," तो म्हणाला. मनीषाने विचारले, "आणि पावसाचं पाणी कुठं जाणार? तुझ्या पार्किंगमध्ये?" ओवाळणीचे ताट तसेच राहिले. त्या दिवसापासून बहीणभाऊ बोलत नाहीत. मला मळ्यापेक्षा त्याची जास्त काळजी लागली आहे.

वकिलांनी सुचवले, मधोमध आडवी रेघ मारा. वरचा भाग एकाला, खालचा दुसऱ्याला. वकील हुशार आहेत, पण त्यांनी कधी पाणी भरलेले नाही. वरचा पाणी अडवणार, खालचा कोर्टात जाणार.

म्हणून मळा उभा वाटावा. रस्त्यापासून नाल्यापर्यंत दोन पट्टे : पूर्वेचा मनीषाचा, पश्चिमेचा यादवचा. दोघांनाही वरची जमीन, दोघांनाही खालची. मधला पाट कोणाच्याच नावे करत नाही. तो दोघांचा सामाईक. आपल्या पट्ट्यात यादवने खुशाल बांधावे, पण भराव टाकू नये व पाट बुजवू नये.

या पाटाचे पाणी एकट्याने भरता येत नाही, तसा तो मी मुद्दाम आखला आहे. एकाने वर उभे राहून पाणी वळवायचे आणि वाफा भरला की खालच्याने हाक मारायची. रागावलेले असलात तरी मारावी लागेल. आयुष्यभर मी पुष्कळ जागा आखल्या. त्यांत ही सर्वांत चांगली उतरली आहे, असे मी गर्वाने लिहितो.

ठिकाण : नाशिक
दिनांक : १९ नोव्हेंबर २००७

सही : जयराम चिमाजी विधाते

वरील सही जयरामभाऊंनी आम्हां दोघांसमोर, चष्मा पुसून, स्वहस्ते केली.

साक्षीदार :
१. पुंजाराम महादू जेजुरकर, शेजारी
२. सुलाबाई यशवंत मौले, निवृत्त शिक्षिका