हळदीचे ठिपके

वाशी, १४ ऑगस्ट २०२५

चि. स्नेहल,

आरंभी आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार मी गमावला आहे. नऊ वर्षांत हे पत्र अनेकदा लिहिले आणि दर वेळी फाडले.

तुझा एचआयव्ही जाईला लागू नये म्हणून जन्मल्यापासून सहा आठवडे तिला एक सिरप दिले होते. तरीही संसर्ग झालाच. पुढे मी सुरू केलेल्या उपचारातही तेच औषध होते. तिचे जन्माच्या वेळचे कार्ड मी उघडून पाहिले नव्हते.

औषध लागू पडेना, रक्तातला विषाणू कमी होत नसल्याचा रिपोर्ट आला, तेव्हा तू बोनकोड्याहून भिंतीवरचे कॅलेंडर घेऊन आलीस. प्रत्येक डोसाला हळदीचा एक ठिपका. ते इतके एकसारखे होते, की मी तुझ्या सासूसमोर म्हणाले, "हे सगळे काल एका बैठकीत काढलेस."

"नाय मॅडम, एक पन डोस चुकला नाय."

"मग रिपोर्ट खोटा आहे का?"

जाई गेल्यावर चौथ्या दिवशी शेवटच्या तपासणीचा अहवाल आला. त्या सिरपमुळे तिच्या शरीरातला विषाणू त्या औषधाला आधीपासूनच दाद देत नव्हता. तुझा एकही डोस चुकला नव्हता. औषध मी बदलायला हवे होते.

तू फाईल परत करायला आलीस, तेव्हा तो अहवाल माझ्यासमोर टेबलावर होता.

"सासू बोलते, मीच पोरीला खाल्ला. खरा हाय का, मॅडम?"

"आता त्याचा विचार करू नकोस," मी म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले.

डॉ. वैजयंती