चौकाचे तांदूळ

पनवेल,
१२ एप्रिल १९९८

प्रिय आभा,

तुझं पत्र मिळालं. शार्दूलच्या आईला कुठला रंग आवडतो, कार्यालयात पंगत बसवायची की बुफे, असं तू पानभर विचारलंयस. त्यातल्या कशाचंच उत्तर आज देत नाही, कारण माझं डोकं तुझ्या एकाच ओळीपाशी अडकलंय. "मालूमावशीला पत्र टाकलंय, माझ्या लग्नाचा चौक तीच काढेल, स्वयंपाकघराची एक भिंत गेरूनं सारवून ठेव." मुलगी तेवीस वर्षांची झाली की ती आईला विचारत नाही, कळवते, हे मी मान्य केलंय. पण मालू आपल्याकडे येता कामा नये. तू तिला नको म्हणून कळवायचं, आणि लगेच कळवायचं.

गेले आठ दिवस मी तुला द्यायला कारणं जुळवत होते. भिंतीला फरशा बसवल्यात. मे महिन्याच्या उन्हात ती जव्हारकडून तीन एस.ट्या बदलून कशी येईल. शार्दूलच्या आत्या नाकं मुरडतील, म्हणतील, पनवेलकरांकडे काय आदिवासी पद्धतीनं लग्न लागतं का. मग मनात आलं, तू माझीच मुलगी आहेस. फरशा उचकटून काढशील, तिला गाडीनं आणशील, आणि आत्यांसाठी तर तू मुद्दामच करशील. तेव्हा कारणं बाजूला ठेवते आणि खरं काय ते सांगते. हे तुझ्या बाबांनाही माहीत नाही. त्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव, मी आता काहीच ठरवत नाही.

एकोणनव्वद साल तुला आठवत असेल. तू चौदा वर्षांची, शाळा सुटली की दप्तरासकट तलावाकाठी पळायचीस. बाबांच्या 'नगरभूषण मंडळा'नं बागेची ती लांबलचक भिंत रंगवायची ठरवली होती. सगळे पुरुष होते, त्यांच्या डोक्यात धबधबा, हरणं आणि सूर्योदय. वारली बाईला बोलावून तांदळाच्या पिठाचा खरा लग्नाचा चौक काढून घेऊ, ही कल्पना माझी. मला चित्रकलेला जायचं होतं, आजोबांनी पाठवलं नाही, विमा कचेरीत चिकटवलं, आणि माझी कला दिवाळीच्या रांगोळीत संपली. त्यामुळे ती भिंत माझी होती, समजलं ना? मंडळाची नाही, बाबांची नाही, मालूची तर मुळीच नाही. असं मला तेव्हा वाटायचं. हसतील त्यांचे दात दिसतील, पण मुंबईहून मोठे साहेब उद्घाटनाला येणार होते आणि आभाराच्या भाषणात माझं नाव येणार होतं.

मालू आली. तिच्याकडच्या बारा पाड्यांत लग्न निघालं की पहिलं बोलावणं तिला जायचं, असं तिच्या गावच्या मास्तरांनी कळवलं होतं. चार दिवसांत तिनं अर्धी भिंत भरली. तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती गोल नाचणारी माणसं, मुंग्या, ताडाची झाडं. तू खाली बसून तिला कुंच्यासाठी बांबूच्या काड्या चावून द्यायचीस. पण मधला मोठा चौकोन तिनं कोरा ठेवला. मी म्हटलं, इथे देवी हवी, पालघट, तिच्याशिवाय चौक कसला? तर म्हणाली, "बाय, लगीन नाय त देवी कशाला येल?" देवी लग्नालाच येते, नवरा जिवंत असलेल्या बाईच्याच हातानं येते, आणि लग्न लागेपर्यंत तिला झाकून ठेवायचं. उगाच शोभेला बोलावली तर ती आल्यावर कुणाला तरी मागते. मी ऐकून घेतलं आणि त्यावर तोडगा काढला. किती हुशार होते मी! आपली मासळीवाली कमळाबाई गव्हाणची आगरी, तिच्या मुलाचं, जगनचं, लग्न ठरलंच होतं. मी तिला म्हटलं, मंडप मंडळाचा, वाजंत्री मंडळाची, भिंतीसमोर लग्न लावा, साहेबांच्या हस्ते अक्षता पडतील. आगऱ्यांच्या घरी लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक असतोच, त्यामुळे तिलाही ते पटलं. मालूला सांगितलं, हे घे लग्न, आता काढ देवी. ती हसली. लगीन हाय त काढते, म्हणाली.

लग्न रविवारी दुपारी. शुक्रवारी सकाळी मी कचेरीत जायला निघाले होते, बाबा आधीच मंडपवाल्याकडे गेलेले, तू शाळेत. दारात तारवाला. तार बाबांच्या नावानं होती, मास्तरांनी केलेली. शिवा वारला, मालूला पाठवा. शिवा म्हणजे तिचा नवरा. काय झालं होतं ते मला पुढे कळलं, साप चावला होता. तेव्हा मला एवढंच दिसलं की शुक्रवार आहे, चौकटीत देवीचे नुसते हात झालेत, आणि मालूच्या घरच्या रितीनं डोकं सगळ्यात शेवटी काढायचं असतं.

तार मी पर्समध्ये टाकली. आभा, मी घाबरले नाही, रडले नाही. मी अगदी शांतपणे हिशेब केला की गेलेला माणूस दोन दिवसांनी जास्त गेलेला असणार नाही. नवरा मेला म्हणून बाईच्या हाताला काय होतं, ही सगळी अंधश्रद्धा, असंही मनाला सांगितलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवांनाही बोलवायचं, हा ठराव आमच्या महिला मंडळात मीच मांडला होता, आणि तो मंजूर झाला तेव्हा तू टाळ्या वाजवल्या होत्यास. मग मी कचेरीत रजा कळवली आणि तांदूळ भिजत घातले. तिचं पीठ संपत आलं होतं. शनिवारी सकाळी पाट्यावर मी स्वतः वाटले, मिक्सरमध्ये नाही, ती म्हणाली होती पाट्यावरचं पीठ भिंतीला धरतं. वाटी तिच्या हातात दिली आणि खाली उभी राहून पाहत राहिले. पर्स खांद्यालाच होती. तिनं देवीचं डोकं काढलं, माझ्याकडे वळून विचारलं, बरं आलं ना? मी म्हटलं, फार छान आलं.

एवढ्यावर थांबले असते तरी माणसात राहिले असते. संध्याकाळी ती म्हणाली, बाय, शिवाला वहाणा घ्यायच्यात. घरून येताना नवऱ्याच्या पावलाच्या मापाची काडी तोडून तिनं लुगड्याच्या पदरात बांधून आणली होती. मी तिला दुकानात नेलं. ती काडी एकेका चपलेत घालून बघायची, अंगठ्याकडून घट्ट आहे म्हणायची, परत करायची. तासभर चाललं होतं. मी दुकानदाराशी हुज्जत घातली, टिकाऊ दे म्हटलं, डोंगरात चालायचंय माणसाला. तू बरोबर होतीस. तुला आठवत असेल, तपकिरी रंगाच्या, आडव्या पट्ट्याच्या. परतताना ती सांगत होती की पुढच्या खेपेला शिवाला आणीन, एवढं मोठं तळं त्यानं पाहिलं नाय. मी म्हटलं, आण की.

रात्रभर चौकाला पांघरायला तिनं कापड मागितलं, मी माझा लग्नाचा शालू दिला. रविवारी जगनचं लग्न लागलं, साहेबांनी शालू ओढला, टाळ्या झाल्या, भाषणात माझं नाव दोनदा आलं. दगडी पाटीवर मंडळाच्या अकरा जणांची नावं आणि खाली 'वारली कलाकार' एवढंच. पंगत उठल्यावर मी मालूला बागेच्या मागच्या बाजूला नेलं आणि तोंड पाडून सांगितलं की आत्ताच तार आली. पुरावा म्हणून तारेचा कागद तिच्या हातात ठेवला. तिला वाचता येत नाही, ह्या भरवशावर. कागदावर शुक्रवारचा शिक्का होता आणि गावात मास्तर होते, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. अडाणी ती नव्हती, मी होते. ती चपलांची पिशवी छातीशी धरून उभी राहिली आणि मला विचारलं, "देवी तरी झाकू का परत?" मी म्हटलं, आता कशाला, लोक फोटो काढतायत.

तिकडे त्यांनी शिवाला शनिवार संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला होता, बायको येईल म्हणून. मार्चचा महिना. मास्तरांनी नंतर बाबांना पत्र लिहिलं, त्यात होतं हे. आरोप नव्हता, नुसती हकीकत, आणि त्यात तारखा नव्हत्या. बाबा हळहळले, टपालखात्याला शिव्या दिल्या, आणि मीही दिल्या. त्याच पत्रात शेवटी होतं की रांडमुंड हातानं देवी काढली म्हणून मालूला आता कुठल्याच लग्नाला बोलावत नाहीत, चौकासमोर उभंही राहू देत नाहीत. बाबांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, काय हे मागासलेपण. मी चहा गाळत होते.

पावसाळ्यात पीठ धुऊन जायला लागलं, तेही मला बघवलं नाही. चौक लग्नापुरता असतो, नंतर आपोआप जाऊ द्यायचा असतो, तरच देवी परत जाते, असं मालूनं तुझ्यासमोर सांगितलं होतं. मी पाट्या रंगवणाऱ्या निकेशला बोलावून प्रत्येक रेघ पांढऱ्या ऑइलपेंटनं गिरवून घेतली. म्हणून ती अजून तिथे आहे. नऊ वर्षं. दातमंजनाच्या जाहिराती आल्या, निवडणुकीचे पंजे आणि कमळं आली, बाकी सगळी भिंत गेली, ती मधली बाई तेवढी राहिली.

आणि जगन. उलव्याच्या रस्त्यावर डंपरखाली गेला तेव्हा लग्नाला चौदा महिने झाले होते. बंदराचे डंपर त्या रस्त्यावर रोज कुणाला तरी घेत होते, त्यात आणखी एक. मी रोज स्वतःला हेच सांगते. कमळाबाई अजून आपल्या दारात पाटी उतरवते, मी तिच्याशी भावावरून भांडते, आणि ती मला म्हणते, कुमुदताई, तुमच्यामुलं माज्या पोराचं लगीन साहेबाच्या हातानं झालं. पोरगा नाय राहिला, पन लगीन मोठं झालं. त्या दिवशी मी पापलेट परत नाही करत. जास्त काही करत नाही.

तू विचारशील, एवढं सगळं अंधश्रद्धा म्हणणारी आई आता का हात जोडतेय? आपला तो बाब्या, आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. जगनच्या लग्नाला मला विधवेचा हात चालला. तुझ्या लग्नाला चालत नाही. मी रात्री उठून तुझ्या पत्रिकेवर हात ठेवून बसते, शार्दूल मोटारसायकल हळू चालवतो ना म्हणून देवाला विचारते. लिहितानाही लाज वाटतेय, पण भीती लाजेपेक्षा मोठी आहे.

आता हे आज का लिहितेय ते सांगते. तू मालूला पत्ता आपला पनवेलचा दिला होतास. तिचं उत्तर येऊन आठ दिवस झाले. कार्ड मी तुला पाठवलं नाही, पर्समध्येच ठेवलंय. हो, पुन्हा तेच. परवा मी तुझ्या नावानं तिला कार्ड लिहायला बसले की लग्न मोडलं, येऊ नकोस. पण तुझं लग्न मोडलं, ही अक्षरं माझ्या हातून उमटेनात, मी फाडून टाकलं. म्हणून ते तुला लिहायला सांगतेय. येत्या शनिवारपर्यंत टाकलंस तर तिला वेळेवर पोचेल. आणि नाही टाकलंस तर निदान तिनं काय लिहिलंय ते वाचून ठेव. मास्तरांचं अक्षर आहे, शब्द तिचे आहेत, मी इथे जसेच्या तसे उतरवते: "आभाबाय, तुझा कागद मास्तरांनी वाचला. नऊ वरसं काडी हातात धरली नाय, तुझ्यासाठी धरते. चौक पुरा काढीन, देवीच्या डोक्यापर्यंत. तांदूळ तुझ्या आयलाच वाटाया सांग. तिनं वाटलेलं पीठ भिंतीला लय धरतं."

तुझीच, अजून तरी,
आई